कानाला वळण कसं लागतं

दिवाळीच्या दिवसांत पुण्यात, ठाण्यात, नाशकात, अगदी तालुक्याच्या गावांतही लोक पहाटे आंघोळ उरकून, नवे कपडे घालून गाणी ऐकायला जातात. दिवाळी पहाटेच्या या कार्यक्रमांत म्हटली जाणारी बरीचशी गाणी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची असतात. सत्तरीचे आजोबा ती ओठांतल्या ओठांत म्हणतात यात नवल नाही, ती त्यांच्या तरुणपणची गाणी. पण शेजारी बसलेली विशीतली नातही तीच गाणी म्हणत असते, आणि मान नेमकी त्याच जागांवर हलवते. तिच्या मोबाईलमध्ये कोरियन बँडची आणि पंजाबी रॅपची गाणी आहेत. तिच्या जन्माआधी कितीतरी वर्षं ध्वनिमुद्रित झालेलं हे भावगीत तिला कधी आणि कसं आवडायला लागलं? आणि याच मुलीला विलंबित ख्याल ऐकायला बसवलं, तर दहा मिनिटांत तिची चुळबुळ का सुरू होते?

‘ज्याची त्याची आवड’ असं म्हणून आपण हा प्रश्न सोडून देतो. तो सोडून देण्याजोगा नाही. गाण्याची आवड थराथराने घडते, आणि हे थर कोणत्या वयात, कशाने चढतात याबद्दल मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांना आता बरंच ठाऊक आहे. या सगळ्यातून मला जे महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगतो. घरातून मुलाला ठरावीक गाणी मिळतात हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढचा सूर कोणता येईल याचा अंदाज बांधायची ताकद मिळते. आवड या अंदाजावर उभी राहते.

आईच्या पोटात काय ऐकू येतं?

गर्भाचे कान साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात काम करू लागतात. बाहेरचा आवाज आईच्या पोटातून आणि गर्भजलातून आत जातो, तेव्हा त्यातला बारीक, उंच पट्टीचा भाग बराचसा विरतो आणि खर्जाकडचा टिकतो. त्यामुळे शब्द नीट पोचत नाहीत, पण चाल पोचते. आवाज कुठे चढला, कुठे उतरला, ठोका कुठे पडला हे आत कळतं. आईचा स्वतःचा आवाज तर तिच्या शरीरातून थेट जातो, म्हणून तो सगळ्यात स्पष्ट.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात ‘नेबर्स’ नावाची ऑस्ट्रेलियन मालिका घरोघरी बघितली जाई. गरोदरपणात ती नियमित बघणाऱ्या आयांची नवजात बाळं बेलफास्टचे मानसशास्त्रज्ञ पीटर हेपर यांनी तपासली. मालिकेचं शीर्षकसंगीत लावलं की ही बाळं हालचाल थांबवून शांत होत. ज्यांच्या आया मालिका बघत नव्हत्या, त्या बाळांवर असा परिणाम दिसला नाही. पुढे २०१३ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी गरोदर बायकांच्या एका गटाला शेवटच्या तिमाहीत ‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल आठवड्यातून पाच वेळा लावायला सांगितली. जन्मानंतर बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा ही चाल ऐकलेल्या बाळांचा मेंदू तिला जास्त जोरकस प्रतिसाद देत होता. चार महिन्यांनीही हा फरक टिकून होता.

गर्भसंस्काराच्या नावाने जे काही विकलं जातं, त्याच्या बाजूने ही साक्ष नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. बाळ हुशार होतं किंवा गायक होतं असं यातल्या कोणत्याच प्रयोगाने दाखवलेलं नाही. चाल लक्षात राहते, एवढंच दिसलं. पण हे ‘एवढंच’ छोटं नाही. जर्मन आणि फ्रेंच बाळांच्या रडण्याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मून जेमतेम तीन-चार दिवस झालेल्या फ्रेंच बाळांचं रडणं वर चढत जातं आणि जर्मन बाळांचं खाली उतरत येतं, असं त्यात आढळलं. त्या त्या भाषेतल्या बोलण्याचा चढउतारही तसाच असतो. म्हणजे पहिला आवाज फोडण्याआधीच बाळाच्या कानात घरची लय उतरलेली असते.

सहा महिन्यांचं बाळ आणि सात मात्रांचा ठेका

बल्गेरिया-मॅसिडोनियाकडच्या लोकसंगीतात दोन-दोन-तीन अशा वाटणीचे सात मात्रांचे ठेके सर्रास असतात. आपल्या रूपक तालातही मात्रा सातच, फक्त वाटणी तीन-दोन-दोन. उत्तर अमेरिकेत बहुतेक गाणी दोन किंवा चार मात्रांच्या सरळ चालीची, त्यामुळे तिथल्या माणसाला हे ठेके अडखळल्यासारखे वाटतात. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधकांनी २००५ मध्ये एक सुंदर प्रयोग केला. दोन्ही प्रकारच्या ठेक्यांत मुद्दाम मात्रा बिघडवायची, आणि ऐकणाऱ्याला ती चूक कळते का हे पाहायचं. अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना सरळ ठेक्यातली चूक लगेच कळली, बाल्कन ठेक्यातली कळेना. बल्गेरिया-मॅसिडोनियात वाढलेल्यांना दोन्ही कळल्या. आणि सहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांनाही दोन्ही कळल्या!

बाळाला विचारणार कसं? बिघडलेली चाल लागल्यावर ते समोरच्या पडद्याकडे किती वेळ टक लावून बघतं, ते मोजायचं. वेगळं काही घडलं की बाळाची नजर तिथे खिळून राहते.

बारा महिन्यांच्या बाळांवर हाच प्रयोग केला, तर त्यांची परकी चूक ओळखायची ताकद गेलेली होती. ती मोठ्या अमेरिकनांसारखीच ऐकू लागली होती. मग या बाळांना दोन आठवडे घरी बाल्कन संगीत ऐकवलं, आणि हरवलेली ताकद परत आली. मोठ्या माणसांनी तेवढंच ऐकलं, पण त्यांना ती परत मिळाली नाही.

जन्मतः कान सगळ्या जगाचा असतो आणि वर्षभरात तो घरचा होतो. ज्या घरात संध्याकाळी टाळ-मृदंग वाजतो, शेजारच्या क्लासमधून तबल्याचे बोल येतात, रेडिओवर रूपकातलं भावगीत लागतं, त्या घरातल्या बाळाला सात आणि दहा मात्रा मोजायला कोणी शिकवत नाही. मोजणं येण्याआधीच ते त्याच्या अंगात असतं. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांना भजनाच्या ठेक्यावर टाळी देताना कधी कधी अडखळायला होतं. ‘त्यांना आवड नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो, पण खरी अडचण आवडीच्या कितीतरी आधीची आहे.

पुढचा सूर कोणता?

रोज डोंबिवलीहून दादरला जाणारा माणूस लोकलमध्ये डोळे मिटून बसलेला असतो. कुर्ला गेलं की तो न बघता उठतो आणि दाराकडे सरकतो. नवखा माणूस मात्र प्रत्येक स्टेशनावर खिडकीतून पाटी वाचतो, तीनदा विचारतो आणि दमतो. गाणं ऐकताना मेंदूचं असंच चालतं. ओळखीच्या पद्धतीचं संगीत असेल, तर मेंदू प्रत्येक क्षणी पुढच्या सुराचा आणि पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधत असतो. आपल्याला त्याची जाणीवही नसते.

अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ लिओनार्ड मायर यांनी १९५६ सालीच मांडलं होतं, की संगीतातली भावना या अपेक्षेतून जन्मते: अपेक्षा तयार होते, लांबवली जाते, चुकवली जाते आणि शेवटी पुरी होते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये त्याचा शारीरिक पुरावा मिळाला. ज्यांना आवडतं संगीत ऐकताना अंगावर काटा येतो अशा लोकांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा दिसलं की भुकेल्याला जेवण मिळाल्यावर जे रसायन सुटतं ते डोपामीन इथेही सुटतं. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की ते दोनदा सुटतं: आवडती जागा येण्याच्या आधी मेंदूच्या एका भागात, आणि ती जागा आल्यावर दुसऱ्या भागात. वाट बघण्यालाही स्वतःचं सुख आहे.

आपल्या मैफलीत समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ‘वा!’ निघते ती याच कारणाने. तबलजी आवर्तन संपवत आलेला असतो, गायक तानेत लांब गेलेला असतो, हा आता वेळेवर मुखडा पकडतो की नाही अशी धाकधूक लागते आणि तो नेमका समेवर येतो. ज्याच्या मनात तालाचं आवर्तन चालूच नाही, त्याला समेचं आगमन कळणारच नाही. त्याच्यासाठी ताण नाही, म्हणून सुटकाही नाही. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं. एवढ्या लांबीचा अंदाज बांधायला कानाला आधी कितीतरी तास ऐकून झालेलं असावं लागतं. चुळबुळ करणाऱ्या नातीला सौंदर्यदृष्टी नाही असं म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. पुढचं स्टेशन कोणतं हे तिला दिसत नाही, इतकंच.

रागाचंही तसंच. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना उत्तर हिंदुस्तानी रागांतले तुकडे ऐकवले आणि मग एकेक सूर वाजवून ‘हा इथे कितपत बसतो?’ असं विचारलं. पाश्चात्त्य श्रोत्यांनीही बऱ्यापैकी बरोबर उत्तरं दिली. कोणता सूर पुन्हा पुन्हा येतोय, कोणत्या सुरावर जास्त थांबतायत हे त्यांनी ऐकता ऐकता टिपलं. भारतीय श्रोत्यांकडे त्याखेरीज आणखी एक गोष्ट होती. थाटाची, म्हणजे त्या सुरांच्या मूळ चौकटीची, समज ते आधीपासूनच घेऊन आले होते. दुसऱ्या एका, १९९९ च्या, अभ्यासात रागसंगीत कधीही न ऐकलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांनी राग आनंदाचा आहे, दुःखाचा आहे की क्रोधाचा, हे बरंचसं अचूक ओळखलं. लय आणि चालीची गुंतागुंत यांवरून तेवढं कळतं. तेव्हा परकं संगीत पूर्ण बंद दार नसतं. त्यातला उदासपणा परक्यालाही कळतो. कोमल ऋषभावर गायक का रेंगाळला, हे मात्र त्यात राहिलेल्यालाच कळतं.

> चौकट : कोणत्या वयात काय घडतं?
> पोटात असताना चढउतार आणि ठोका यांची ओळख होते. पहिल्या वर्षात कान घरच्या तालांवर स्थिरावतो आणि परक्या तालांतले बारीक फरक सुटू लागतात. पुढच्या काही वर्षांत सुरांची चौकट पक्की होते, म्हणजे कुठला सूर ‘चुकला’ हे न शिकवता कळू लागतं. तेरा-चौदा ते पंचविशीच्या दरम्यान गाणी माणसांशी आणि प्रसंगांशी कायमची जोडली जातात. त्यानंतर नवी आवड लागत नाही असं नाही, पण तिला वेळ आणि सोबत लागते.

गोड लागणंही शिकलेलंच

दोन सूर एकत्र वाजवले तर काही जोड्या गोड लागतात, काही खुपतात. ही गोडी निसर्गदत्त आहे असं पायथागोरसच्या काळापासून मानलं जात होतं. २०१६ मध्ये जॉश मॅक्डरमॉट आणि सहकाऱ्यांनी बोलिव्हियात, ॲमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या चिमाने लोकांना अशा स्वरजोड्या ऐकवल्या. पाश्चात्त्य कानाला गोड आणि कर्कश वाटणाऱ्या दोन्ही जोड्या त्यांनी सारख्याच आवडीच्या ठरवल्या. त्यांना फरक कळत होता, पण त्यात डावं-उजवं वाटत नव्हतं. चिमाने लोकांचं गाणं एकेरी असतं, अनेक सूर एकाच वेळी जुळवून गाण्याची पद्धत त्यांच्यात नाही.

हे वाचल्यावर मला आपल्याच संगीताचा गेल्या शतकातला प्रवास आठवतो. आपलं रागसंगीत, भजन, ओवी ही सगळी एका धाग्याची कला आहे. एक सूर संपतो, दुसरा येतो, आणि मागे तानपुऱ्याचा षड्ज स्थिर असतो. सूर एकमेकांवर रचायची, ज्याला हार्मनी म्हणतात ती पद्धत आपल्या घरात नव्हती. ती गोव्याच्या घरात होती. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. लहानपणापासून रविवारच्या प्रार्थनेत चार आवाजांचं गाणं कानावर पडे. मजोर्ड्याच्या चर्चमधल्या संगीतशिक्षकाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट असे अनेक गोवेकर वादक-संयोजक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. संगीतकार एकेरी चाल बांधत आणि तिच्याभोवती व्हायोलिनचे ताफे, साथीचे सूर, मधलं संगीत रचायचं काम बहुतेक वेळा ही मंडळी करत. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत रागांवर आधारलेल्या रचना वाजवणारा मोठा वाद्यवृंदही उभा केला. त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव गुंफून गुरूला वंदन केलं.

चर्चमध्ये घडलेल्या काही कानांनी कोट्यवधी भारतीय कान बदलले. आज खेड्यातल्या मुलालाही गिटारच्या साथीशिवाय गाणं ओकंबोकं वाटतं. त्याच्या पणजीला तसं वाटलं नसतं.

चौदाव्या वर्षी ऐकलेलं

माणसांना आयुष्यातला कोणता काळ जास्त आठवतो हे पाहिलं, तर दहा ते तीस या वयात आठवणींचा उंचवटा दिसतो. गाण्यांचा उंचवटा तर फारच ठळक. हॉलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयांच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली. माणूस साडेतेवीस वर्षांचा असताना गाजलेली गाणी त्याला सरासरीने सर्वांत प्रिय निघाली. स्पॉटिफायवरच्या ऐकण्याच्या नोंदींचं विश्लेषण २०१८ मध्ये झालं, त्यात हे वय आणखी खाली, मुलींसाठी तेराच्या आणि मुलांसाठी चौदाच्या आसपास आलं. नेमक्या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही, मोजायची पद्धत बदलली की तो बदलतो. दिशा मात्र एकच आहे.

त्या वयात असं काय असतं? मेंदूची बक्षीस देणारी यंत्रणा त्या काळात फार तेज असते. प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा घडत असते: पहिलं प्रेम, पहिलं वसतिगृह, पहिला पगार. आणि मी कोण, कोणाचा, हे ठरवायची घाई असते. गाणं हे ‘मी अमक्यांच्यातला’ असं सांगायचं सोपं साधन बनतं. कॅलिफोर्नियातले संशोधक पेत्र जनाता यांनी २००९ मध्ये दाखवलं, की ओळखीचं गाणं आणि त्याला चिकटलेली आठवण यांचा मेळ मेंदूच्या पुढच्या भागात, कपाळामागे, बसतो. गाणं लागलं की प्रसंग समोर उभा राहतो तो त्यामुळे.

आता दिवाळी पहाटेची नात. २०१३ मध्ये कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी साधारण विशीतल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ पर्यंतची गाजलेली गाणी ऐकवली. स्वतःच्या वयाची गाणी आवडणं अपेक्षित होतं. पण आवडीचा दुसरा उंचवटा सापडला तो त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांवर, आणि तिसरा, थोडा लहान, साठच्या दशकातल्या, म्हणजे बहुधा आजी-आजोबांच्या काळातल्या गाण्यांवर. आईवडिलांच्या आयुष्यातला उंचवटा मुलांमध्ये उतरतो. आई स्वयंपाक करताना स्वतःच्या विशीतलं गाणं गुणगुणते, मुलगी ओट्याजवळ खेळत ऐकते. आईचा आवाज, फोडणीचा वास, सुरक्षित वाटणं हे सगळं त्या चालीला चिकटतं.

या साखळीला एक अट आहे: गाणं मोठ्याने लागलेलं असलं पाहिजे. एका रेडिओभोवती किंवा एका टेपरेकॉर्डरभोवती बसलेल्या घरात आवडीची सक्ती नसायची, पण सगळ्यांचं सगळ्यांच्या कानावर पडायचं. आता प्रत्येकाच्या कानात वेगळा इयरफोन आहे. आईचं गाणं आईच्याच कानात संपतं. याची मला मनापासून काळजी वाटते, कारण ही साखळी एका पिढीत तुटली तर पुढच्या पिढीत ती जोडायला कोणतीच आठवण उरत नाही.

नुसतं कानावर पडून भागतं का?

रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये एक साधं तत्त्व सिद्ध केलं: एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती नुसत्या ओळखीने आवडू लागते. गाण्याला हे लागू पडतं, पण पुरतं नाही. आपल्या देशातच त्याची मोठी परीक्षा झाली आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. चित्रपटगीतांमुळे लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आकाशवाणीवर चित्रपटगीतं जवळजवळ बंद झाली आणि शास्त्रीय संगीताचा वेळ वाढला. त्याच वर्षी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रमही सुरू झाला. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं आणि अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकली. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

याच काळात, याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं, एकूण छप्पन्न गाणी. चाली रागांवर बांधलेल्या. लोक ठरलेल्या वेळी रेडिओभोवती जमत, आणि पुढे घराघरांत ती गाणी म्हटली गेली. केसकरांना जी रागांची ओळख लोकांना करून द्यायची होती, ती बऱ्याच मराठी घरांत या छप्पन्न गाण्यांनी करून दिली. गोष्ट आधीच माहीत होती, भाषा आपली होती आणि ऐकताना शेजारी घरची माणसं होती. माझ्या मते फरक इथे आहे. सूर कोणाबरोबर ऐकला यावर तो रुजेल की नाही हे बरंचसं ठरतं.

माणसांचा हा प्रभाव किती मोठा, ते २००६ मध्ये अमेरिकेत मोजलं गेलं. चौदा हजारांहून अधिक लोकांना अपरिचित बँडची अठ्ठेचाळीस गाणी ऐकायला दिली. काहींना नुसती गाणी दिसत होती, काहींना ती आधी किती जणांनी उतरवून घेतली तेही. दुसऱ्या प्रकारच्या श्रोत्यांचे वेगवेगळे गट केले होते, आणि त्या प्रत्येक गटात वेगळीच गाणी गाजली. फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत आणि फार चांगली सहसा तळाला गेली नाहीत, पण मधल्या कुठल्याही गाण्याचं काहीही होऊ शकत होतं.

आणि मग जात-वर्गाची भिंत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की शिकलेल्या वरच्या थरात बाखची पियानोसाठीची अवघड रचना आवडीची असते आणि कष्टकरी थरात श्ट्राउसचं वॉल्ट्झ. माणूस आवडीतून आपली जागा सांगतो आणि दुसऱ्याची ठरवतो. महाराष्ट्रात हे वेगळं सांगायला नको. पांढरपेशा घरांत तमाशाचं नाव काढायची सोय नव्हती. १९७२ च्या ‘पिंजरा’ चित्रपटाने तमाशातली तीच लावणी पडद्यावरून आणि रेडिओवरून त्या घरांत नेली आणि ती आवडली. आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांची गाणी १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, ज्या वस्तीत रात्रभर चालतात, तिथल्या मुलाला ती जन्मापासून पाठ असतात. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मुलाने ती ऐकलेलीच नसतात. अंतर कानाचं नाही, दाराचं आहे.

रक्तात किती?

सगळंच संस्कारावर अवलंबून नाही. स्वीडनमधल्या नऊ हजारांहून अधिक जुळ्या भावंडांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीतातून मिळणारा आनंद माणसामाणसांत कमी-जास्त असतो, आणि या फरकातला सुमारे ५४ टक्के वाटा आनुवंशिक निघाला. काही थोड्या लोकांना तर ऐकू नीट येतं, सूर कळतात, इतर गोष्टींचा आनंदही होतो, फक्त संगीताने काहीच वाटत नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये असे लोक दाखवले. पण हे मोजमाप आनंद किती होतो याचं आहे. ती तहान भैरवीने भागणार की ब्लूजने, हे बहुतेक घर, गल्ली आणि वय ठरवतात.

मोठेपणी कान वळतो का?

वळतो. लहानपणाइतक्या सहज नव्हे, पण वळतो. कुमार गंधर्व लहान वयातच मैफली गाजवणारे गायक होते. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकून कान पूर्ण तयार झालेला. क्षयाने आजारी पडल्यावर ते १९४८ च्या सुमारास देवासला राहायला गेले आणि पुढची काही वर्षं गाणं बंद झालं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर पडत राहिलं ते माळव्यातल्या बायाबापड्यांचं, भिक्षेकऱ्यांचं गाणं. ते ऐकता ऐकता रागाचं बीज लोकधुनेत आहे अशी त्यांची खात्री झाली, आणि बरे झाल्यावर त्यांनी या धुनांमधून नवे राग उभे केले. त्यांना ते ‘धुनउगम राग’ म्हणत. इतक्या तयार कानानेही पुन्हा शिकायला वर्षं घेतली, आणि त्या वर्षांत ऐकण्याखेरीज दुसरं करण्यासारखं फार थोडं होतं.

आपल्यासारख्या साध्या श्रोत्याला काय करता येईल याचं उत्तर संशोधनातही आहे आणि आपल्या इतिहासातही. फार ओळखीचं संगीत कंटाळा आणतं, फार अनोळखी संगीत थकवतं आणि गोडी मधल्या पट्ट्यात असते, असं मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांनी मांडलं. म्हणजे उडी लहान हवी. मराठी माणसाला ख्यालाची गोडी लागली ती अशाच लहान उडीने. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून नाटकांतून पदं कानावर पडत होती. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. बुवा आग्रा आणि जयपूर घराण्यांच्या उस्तादांकडे शिकलेले. त्यांनी ख्यालाचा ऐवज पाच-सात मिनिटांच्या पदात बसवला आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून तो गावोगाव गेला. त्या प्रेक्षकांना राग ठाऊक नव्हते, पदं ठाऊक होती. पुढे एखादा गायक त्याच रागात तासभर गाऊ लागला, तेव्हा त्यांच्या कानाला वाट सापडली.

आजही हाच रस्ता चालतो. ‘नाथ हा माझा’ हे पद यमनातलं. ते ज्याला पाठ आहे, त्याने यमनचा एखादा ख्याल लावावा, रोज तोच, त्याच गायकाचा. सुरुवातीला मुखडा परत कधी येतो एवढंच ऐकावं. काही दिवसांनी मुखडा यायच्या आधी कळू लागेल, मग निषाद-ऋषभ-गंधाराची ती ओळखीची चढण कुठे कुठे येते ते दिसू लागेल. जमलं तर शेजारी कोणीतरी जाणतं बसवावं, आणि आवाज घरभर जाईल असा ठेवावा.